कोर्ट उठेपर्यंत

आमच्या गोतावळ्यात आजवर दोनच माणसांनी कैद भोगली. पहिले माझे आजोबा. १९४२ च्या चळवळीत ते अकरा महिने येरवड्याला होते. दुसरे माझे साडू. २०२५ च्या पहिल्या श्रावणी सोमवारी ते कोर्टात पाच तास होते. आजोबांना सरकारनं ताम्रपट दिला, साडूंना कोर्टाच्या नाझरनं दहा हजारांची पावती दिली. ताम्रपट आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेला आहे. पावती कुठं ठेवली आहे ते ताई कुणाला सांगत नाहीत, पण घरात भांडण झालं की ती दोन मिनिटांत सापडते.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. साडू माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतो. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. आणखी एक फरक सांगून टाकतो. मी पीत नाही. यात माझा काही मोठेपणा नाही, मला ॲसिडिटी आहे.

त्या वर्षी आषाढी अमावास्या २४ जुलैला, गुरुवारी आली. गुरुवार म्हणजे दत्ताचा वार. त्या दिवशी कोंबडी नाही, बाटली नाही. मग पुरुषमंडळींनी गटारी आदल्या दिवशी, बुधवारी उरकायचं ठरवलं. महाराष्ट्रात जयंत्यांच्या तारखा आणि तिथ्यांवरून वर्षानुवर्षं वाद चालतात, पण गटारी एक दिवस अलीकडे घेताना कुणी पंचांगकर्त्याला विचारल्याचं ऐकिवात नाही. घरात बायका दुसऱ्या दिवशीच्या दीपपूजनासाठी समया, निरांजनं चिंचेनं घासत बसल्या होत्या, तेव्हा अण्णा "जरा जाऊन येतो" म्हणून बाहेर पडले.

अण्णांकडे कारणं होती. १४ जुलैला राज्यातल्या परमिट रूमवाल्यांनी करवाढीविरुद्ध बंद पाळला होता. तो एक दिवस बुडाल्यामुळे अनुशेष तयार झाला होता. त्यातून जूनमध्ये मंत्रिमंडळानं विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलेलं. "मास्तर, एवढ्या भावानं घेतलेली ग्लासात ठेवून उठायचं म्हणजे अन्नाचा अपमान झाला," असं ते नंतर मला म्हणाले. अन्न या शब्दाचा एवढा उदार वापर मी तीस वर्षांत एकाही निबंधात वाचला नव्हता.

रात्री साडेअकराला अण्णा बाहेर आले तेव्हा पाऊस होता. रिक्षावाल्यानं मीटरवर वीस रुपये मागितले. अण्णा तत्त्वाचे. आत वेटरला त्यांनी पन्नास रुपये टिप दिली होती, पण तो आनंदाचा भाग. मीटरवर वीस हा अन्याय. आणि स्वतःची गाडी समोरच उभी होती, कारण परमिट रूमच्या पाटीवर बारच्या नावाखाली ठळक अक्षरांत 'प्रशस्त पार्किंगची सोय' असं लिहिलेलं आहे. पिऊन गाडी चालवू नये असं सरकार सांगतं आणि पिणाऱ्याची गाडी ठेवायला प्रशस्त जागा आहे असं बारवाला सांगतो. या दोघांत समेट घडवायला मध्ये पुलाच्या तोंडाशी पोलीस उभे असतात.

हवालदारानं नळी पुढं केली. "फुंका."

अण्णांनी ओढली.

"काका, फुंका. हुक्का नाही हा."

दुसऱ्या वेळी त्यांनी ओठांच्या कोपऱ्यातून हवा सोडली. तिसऱ्या वेळी मात्र हवालदारानं "जोरात, अजून, अजून, अजून" असा बाळंतिणीला देतात तसा धीर दिला आणि मशीन वाजलं. त्याआधी अण्णांनी वेलदोडा चावला होता, बडीशेप खाल्ली होती आणि बारच्या कुंपणावरचं पेरूचं पानही चघळलं होतं. हे सगळे उपाय बायकोसाठी आहेत. मशीन तोंडाचा वास घेत नाही, फुप्फुसातून येणारी हवा मोजतं, आणि फुप्फुसापर्यंत बडीशेप पोचत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल असलं तर चालतं. शाळेत पस्तीसला पास, इथं तीसच्या पुढं नापास. अण्णांना चौऱ्याण्णव पडले. एसएससीला त्यांना सगळ्यात जास्त मार्क भूगोलात होते, एक्कावन्न.

"संध्याकाळी दशमूलारिष्ट घेतलं होतं," अण्णा म्हणाले. आसवं-अरिष्टांत अल्कोहोल असतं हे खरं आहे. पण दोन चमच्यांवर चौऱ्याण्णव यायला वैद्याचं अख्खं दुकान प्यावं लागेल.

मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. लॅमिनेट केलेला परवाना.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे. त्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा देशीसाठी दोन रुपयांना आणि विदेशीसाठी पाच रुपयांना मिळायचा, आयुष्यभराचा हजारात. परवान्याच्या भाषेत माणूस दारू पितो तो प्रकृती सांभाळण्यासाठी. राज्यातल्या शंभर पिणाऱ्यांपैकी किती जणांकडे हा कागद असेल देव जाणे, पण अण्णांकडे होता. आयुष्यभराचा.

हवालदारानं तो टॉर्चच्या उजेडात नीट वाचला. "काका, हा पिण्याचा. गाडी चालवायचा दाखवा."

अण्णांनी तोही दाखवला.

"दोन्ही बरोबर आहेत," हवालदार म्हणाला. "फक्त एका वेळी एकच वापरायचा असतो. किती घेतली?"

"दोनच."

हा 'दोनच' फार जुना आहे. १८९७ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या पंचवीस वर्षांच्या टॅक्सीवाल्यानं आपली गाडी न्यू बाँड स्ट्रीटवरच्या एका इमारतीवर घातली. गाडी विजेवर चालणारी होती, म्हणजे आपण आज ज्याला भविष्य म्हणतो ते त्यानं तेव्हाच भिंतीवर आपटून पाहिलं. पिऊन मोटार चालवल्याबद्दल शिक्षा झालेला तो पहिला माणूस मानतात. पंचवीस शिलिंग दंड झाला. आणि किती घेतली होती, तर बिअरचे दोन-तीन ग्लास, असं त्यानं सांगितलं. तेव्हापासून गाड्या बदलल्या, कायदे बदलले, मशीनं आली. उत्तर तेच आहे. उलट मधल्या काळात 'तीन' गळून पडला.

गाडी मुद्देमाल झाली. लायसन्स जमा झालं. अण्णांच्या हातात सोमवारी हजर राहण्याची नोटीस पडली आणि ते घरी गेले. रिक्षानं. मीटरवर चाळीस रुपये देऊन.

गुरुवारी दिव्यांच्या आवसेला घरातले सगळे दिवे लागले आणि अण्णांचं तेवढं तोंड काळवंडलेलं. पण शुक्रवारी त्यांना हुरूप आला. कारण ऑनलाइन.

अण्णांना सिग्नल तोडल्याची, सीटबेल्ट न लावल्याची ई-चलनं नेहमी येतात आणि ती ते मोबाइलवर भरतात. नागपूरजवळ काटोलला २०२० साली वाहतुकीच्या खटल्यांसाठी आभासी न्यायालय सुरू झालं, ही माहिती त्यांना आपल्या नातवाच्या जन्मतारखेपेक्षा पक्की आहे. घरात बसायचं, नंबर टाकायचा, कबूल म्हणायचं, पैसे भरायचे. ना काळा कोट, ना पिंजरा, ना ओळखीचं कुणी. अण्णांचा बेत ठरला होता. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, मागं भिंतीवर विठ्ठलाची तसबीर दिसेल अशा बेतानं खुर्ची, आणि हजर.

त्यांना शंका एकच होती, कॅमेरा. कारण नातलगांच्या ग्रुपवर या विषयातले दाखले धडाधड येऊन पडत होते. टेक्सासमधला तो वकील, ज्याच्या तोंडाच्या जागी २०२१ साली पडद्यावर मांजरीचं पिल्लू दिसत होतं. मिशिगनमधला तो माणूस, ज्याच्यावर लायसन्स निलंबित असताना गाडी चालवल्याचा खटला होता आणि जो मे २०२४ मध्ये व्हिडिओ सुनावणीला गाडी चालवता चालवताच हजर झाला. न्यायाधीश काही क्षण नुसते बघत राहिले. पुढं कळलं की त्या गृहस्थांकडे लायसन्स कधी नव्हतंच, मग निलंबित काय होणार! आणि अगदी ताजं, २०२५ च्या जूनमधलं, गुजरात उच्च न्यायालयाचं. एक पक्षकार शौचालयात बसून सुनावणीला हजर राहिला आणि त्याला पुढं लाखाचा दंड झाला. त्याच सुमाराला एक ज्येष्ठ वकील चालू सुनावणीत बिअरच्या मगातून काही पिताना दिसले आणि त्यांच्यावर न्यायालयानं स्वतःहून अवमानाची कारवाई सुरू केली.

अण्णांचं मत या शेवटच्या प्रकरणावर ठाम होतं. "दारूबंदीचं राज्य, उच्च न्यायालय, भर दुपार. आणि मला परमिट असलेल्या राज्यात, रात्री, पावसात धरतात."

वकीलसाहेब आम्हाला कोर्टाच्या आवारात चिंचेखाली भेटले. त्यांचं कार्यालय म्हणजे एक टेबल, टेबलाला साखळीनं बांधलेल्या दोन खुर्च्या आणि वर ताडपत्री. अण्णांनी विचारलं, "नव्या फौजदारी संहितेत व्हिडिओवरून सुनावणीची सोय आहे म्हणे?"

"आहे की. साक्षीदार परगावी असला, आरोपी जेलमध्ये असला, तर लावतात. तुम्ही जेलमध्ये आहात का?"

"छे छे!"

"मग या सोमवारी. साडेदहाला. हे सिग्नलचं चलन नाही, हे एकशे पंच्याऐंशी आहे. यात तोंड दाखवावं लागतं." मग त्यांनी पर्याय सांगितले, हॉटेलातला वेटर सांगतो त्या वेगात. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. "लढायचं असेल तर लढू. मशीन तपासलेलं होतं का, पंच कोण होते, सगळं काढू. चार-पाच वर्षं जातील. कबूल करायचं असेल तर सोमवारी संध्याकाळी घरी."

"संध्याकाळी का? सकाळीच पैसे भरून..."

"कोर्ट उठेपर्यंत बसवतात," वकीलसाहेब म्हणाले आणि पुढच्या अशिलाकडे वळले.

सोमवारी ताईंनी मला अण्णांबरोबर पाठवलं. "भाऊजी, तुम्ही जा. तुम्ही पीत नाही, तुमच्याकडे बघून जरा बरं वाटेल त्यांना." कुणाला, अण्णांना की न्यायाधीशांना, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. श्रावणी सोमवारच्या उपवासाचा साबुदाण्याच्या खिचडीचा डबा त्यांनी माझ्याच हातात दिला.

इथं मला एक गोष्ट मान्य करावी लागेल. अण्णा पांढराशुभ्र शर्ट, काळी पँट आणि चकचकीत बूट घालून आले होते. मी रात्रभर ॲसिडिटीनं जागा होतो. डोळे लाल, दाढी वाढलेली, हातात डबा. व्हरांड्यात शिरताच एका शिपायानं अण्णांना "नमस्कार वकीलसाहेब" केलं आणि मला म्हणाला, "एकशे पंच्याऐंशीवाले तिकडं, भिंतीला लागून."

मी खुलासा करणार तोच समोरून खाकी वर्दीतला एक धिप्पाड माणूस आला, थबकला, आणि दुःखी आवाजात म्हणाला, "सर? तुम्ही?"

दहावी ब. मागून दुसरा बाक. आता पैरवी हवालदार. म्हणजे पोलीस ठाण्याचे कागद कोर्टात पोचवणारा, आरोपी उभे करणारा, कुणाची कुठली तारीख हे तोंडपाठ असणारा. त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि सगळा व्हरांडा बघायला लागला. पोलीस ज्याच्या पाया पडतो असा आरोपी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

"अरे, मी नाही. हे आमचे साडू."

"असू द्या सर," तो समजुतीनं म्हणाला. "इथं सगळे असंच सांगतात."

अखेर नोटिशीवरचं नाव बघून त्याची खात्री पटली. मग त्यानं दोन कागद काढले, अण्णांना सह्या कुठं करायच्या ते दाखवलं, आपले चारही खिसे चाचपले आणि विचारलं, "सर, पेन आहे का?"

दहावी ब मध्येही तो पेन आणायचा नाही. मी माझं शाईचं पेन दिलं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भेट दिलेलं.

भिंतीला लागून आम्ही अकरा जण होतो. कोर्टात माणसाचं नाव मागं पडतं आणि कलम पुढं येतं. तीनशे एकोणऐंशी, चारशे अठ्ठ्याण्णव असे आकडे इकडून तिकडं जात होते. नवी संहिता आली, आकडे बदलले, पण व्हरांड्याला जुनेच तोंडात बसलेले आहेत. एकशे पंच्याऐंशी मात्र बदललेला नाही. त्यामुळे आमच्या रांगेला एक स्थैर्य होतं.

एक भाजीचा टेम्पो चालवणारा होता. तो सकाळपासून फोनवर बदली ड्रायव्हर शोधत होता, कारण माल मार्केट यार्डात पोचायला हवा होता आणि लायसन्स पोलिसांकडे होतं. "आजच्या दिवस ये रे, उद्याचं उद्या बघू," एवढंच वाक्य त्यानं सात जणांना ऐकवलं. एकजण तारखेच्या धास्तीनं सकाळीच थोडी घेऊन आला होता. हवालदारानं त्याच्या जवळून जाताना नाक उडवलं, परत मागं आला आणि हताशपणे म्हणाला, "अरे, निदान आज तरी." त्याला बाहेर नेऊन दोन ग्लास ताक पाजण्यात आलं. ताकानं काही होत नाही हे हवालदारालाही ठाऊक होतं, पण सरकारी यंत्रणेनं काहीतरी केलं असं दिसलं पाहिजे.

आणि एक कॉलेजचा मुलगा होता, आईबरोबर आलेला. आई माझ्याकडं सरकली. मी मास्तर आहे हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. हळूच म्हणाली, "सर, निबंध लिहून चालतं का हो? ह्याचं मराठी चांगलं आहे."

पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव मोटारीनं दोन तरुण जीव घेतले आणि अल्पवयीन चालकाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हापासून राज्यातल्या निम्म्या लोकांना निबंध ही शिक्षा वाटते आणि उरलेल्यांना सुटका. मी तीस वर्षं मुलांना निबंध घातले. भिंतीला लागून उभ्या असलेल्यांपैकी कुणी हसलं नाही. मीच म्हणालो, "नाही हो, तसं नसतं," आणि मुलाकडं पाहिलं. तो बुटाच्या टोकानं फरशीवरची एक जुनी पानाची पिचकारी खरवडत होता.

बारा वाजता आमचा पुकारा सुरू झाला.

पुकारा ही चीज मोबाइलवर कधी येणार नाही. शिपाई दारात येतो, कागदाकडं बघतो आणि माणसाचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतो. तीन वेळा. अण्णा पहिल्या हाकेला पाणी प्यायला गेले होते, दुसऱ्या हाकेला ते धावत होते आणि तिसऱ्याला दारात पोचले. अण्णांचे वडील माळकरी. चाळीस वर्षं पायी वारी. गावात अजून त्यांच्या नावानं लोक कानाला हात लावतात. ते नाव व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन वेळा घुमलं. पुढं नंबर आणि एकशे पंच्याऐंशी.

शनिवारी-रविवारी दहा हजारांचा हिशेब मांडताना मी अण्णांचा चेहरा पाहिला होता. पोलिसांनी गाडी ओढून नेली त्या आठवणीनंही तो एवढा उतरला नव्हता. आत जाताना त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

न्यायाधीश मॅडम वयानं आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"कबूल आहे, पण त्या दिवशी पाऊस..."

"पण नको. कबूल आहे की नाही?"

"आहे."

मॅडमनी कागद उलटला. मशीनची ती छोटी चिठ्ठी पिनेनं लावलेली मला लांबूनही दिसत होती. आता त्यांनी मान वर केली. "किती घेतली होती?"

"दोन..." अण्णा म्हणाले. मग त्यांनी चिठ्ठीकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं. "चार. पाचवी अर्धी."

जॉर्ज स्मिथपासून चालत आलेली परंपरा मोडली ती अशी, आमच्या तालुक्यात.

"दहा हजार रुपये दंड आणि न्यायालयाचं कामकाज संपेपर्यंत साधी कैद." बेंच क्लार्कनं ते लिहून घेईपर्यंत पुढचा पुकारा झालाही होता. टेम्पोवाल्याला मॅडमनी काय करता विचारलं. त्यानं सांगितलं. त्याला नुसतं बसणं. ताकवाल्याचं काय झालं ते मला कळलं नाही, कारण त्याच्या वेळी सगळ्यांनाच बाहेर काढलं.

कोर्ट उठेपर्यंतची कैद म्हणजे काय, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल, आणि ते चांगलंच आहे. तुरुंग नाही, बेड्या नाहीत. कोर्टाच्या खोलीत मागच्या बाकावर बसायचं. बोलायचं नाही, मोबाइल बंद, पायावर पाय टाकायचा नाही. झोपायचं नाही. अण्णा हे निवृत्त सरकारी कर्मचारी. या चार अटींपैकी झोपायचं नाही ही एक सोडली तर त्यांनी चौतीस वर्षं हेच केलं होतं. पहिला तास ते कैदी वाटलेच नाहीत, कुणाची तरी फाईल मंजूर व्हायची वाट बघत असल्यासारखे बसले होते.

मग वेळ जायला लागला, म्हणजे जाईना. मागच्या बाकावरून कोर्ट दिसतं ते असं: पंखा, पंख्याखाली वकिलांचे काळे कोट, कोटांच्या पाठीवर खडूसारखे घामाचे पांढरे डाग. एका चेक न वटल्याच्या खटल्यात तारीख पडली. एका भाऊबंदकीच्या मारामारीत तारीख पडली. एका वकिलानं लेखी निवेदनाची पुरशिस दिली, दुसऱ्यानं मुदतीचा अर्ज. एक साक्षीदार आला होता पण त्याच दिवशी वकील आजारी. एक आजीबाई नऊवारीत आल्या, हात जोडून उभ्या राहिल्या, त्यांना तारीख मिळाली आणि त्या प्रसाद मिळाल्यासारख्या वाकून गेल्या. अण्णांनी कानात विचारलं, "हिला काय शिक्षा झाली?" मी म्हणालो, "ती फिर्यादी आहे, अण्णा."

दोनला मॅडम उठल्या. सगळे उभे राहिले. अण्णाही उभे राहिले आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन दाराकडं निघाले.

"कुठं?" हवालदार.

"कोर्ट उठलं की."

"हे जेवायला उठलंय. शिक्षेतलं उठणं वेगळं."

त्यामुळे खिचडी व्हरांड्यातल्या बाकावर झाली. कैद्यांना आवाराबाहेर जायची परवानगी नव्हती. अण्णा, टेम्पोवाला, कॉलेजचा मुलगा, त्याची आई आणि ज्याच्या ताब्यात हे सगळे होते तो माझा विद्यार्थी, असे एका डब्याभोवती बसले. ताईंनी दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं होतं. हवालदार खाता खाता मुलाला म्हणाला, "सरांची छडी लागली असती तर इथं आला नसतास." मी त्याला आठवण करून दिली की माझी छडी त्याला पुष्कळ लागली होती आणि तो रोज इथंच असतो.

टेम्पोवाल्याचा फोन वाजला. बदली ड्रायव्हर मिळाला होता. त्यानं पहिला घास तेव्हा घेतला.

अडीचला पुन्हा आत. दुपारनंतर पंख्याची हवा जड होते. सव्वातीनला अण्णांची मान छातीवर आली. मी कोपर मारलं. साडेतीनला त्यांनी एक छोटासा घोरण्याचा सूर लावला आणि मॅडमनी वाक्य अर्ध्यात थांबवून मागं पाहिलं. अख्खं कोर्ट मागं वळलं. त्या कैद्यांच्या आणि चाळीस माणसांच्या नजरा कुठं गेल्या असतील? माझ्यावर. लाल डोळे, वाढलेली दाढी. मी उभा राहिलो आणि हात जोडून म्हणालो, "मॅडम, मी नुसता बरोबर आलोय." मॅडम म्हणाल्या, "मग बाहेर बसा." म्हणजे जो सुटायला धडपडत होता तो आत राहिला आणि ज्याच्यावर कुठलंच कलम नव्हतं त्याला न्यायालयानं बाहेर काढलं.

बाहेर पायरीवर बसून मी आकडेमोड केली. दंड दहा हजार, वकिलांची फी तीन, गाडी ओढून नेण्याचे आणि ठेवण्याचे वेगळे. लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मीटरवरचे वीस. मग मी आकडेमोड सोडून दिली. गणित माझा विषय नव्हे.

पाच वाजून दहा मिनिटांनी कोर्ट उठलं. या खेपेला खरोखरीचं. अण्णा बाहेर आले, नाझरकडं पैसे भरले, पावती चार घड्या घालून पाकिटात ठेवली. त्याच पाकिटातून त्यांनी लॅमिनेट केलेला तो परवाना काढला, जरा वेळ पाहिला आणि पुन्हा आत ठेवला. आयुष्यभराचा आहे, फेकता येत नाही.

फाटकाबाहेर रिक्षा होत्या. पाऊस परत सुरू झाला होता. पहिल्या रिक्षावाल्यानं मीटर टाकायलाच नकार दिला आणि सरळ दीडशे सांगितले. मी अण्णांकडं पाहिलं. ते आत बसून सरकलेही होते, मला जागा करून.

रिक्षा कोपऱ्यावर वळली तेव्हा मला आठवलं. मी खिसा चाचपला, पिशवी उलटी केली, डब्यात पाहिलं.

अण्णा सुटले. माझं पेन अजून आतच आहे.